टोपीवाल्या बाई

सौंसरच्या आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंसमोर एक वाक्य बोलायची बंदी होती: "दुधाचाच दात आहे, पडणारच आहे." कुणी बोललंच, तर बाई हातातला आरसा खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि बाहेरच्या बाकड्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "भाऊ, पायातला जोडाबी एक दिवस फाटणारच हाय. मंग आजच फेका अन् अनवाणी जा घरी!" बाकडी हसत. भाऊ पाय आत ओढून घेई.

मला त्या वाक्याची अजून चीड येते. दुधाची दाढ दहा-अकराव्या वर्षापर्यंत तोंडात राबते! ती पाचव्या वर्षीच उपटली तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाटच उरत नाही. हे आईबापांना कोण सांगतं? बाई सांगत. ओरडून सांगत!

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लेकरू कितीचं?" दात कितीही किडलेला असो, आधी वय. अजून किती वर्षं त्या दाताकडून काम घ्यायचंय, यावर काय भरायचं ते ठरे. खड्डा लहान असेल, दात लवकरच पडणार असेल, तर पांढरं सिमेंट. "याले टोपी कशाले? पैसा जास्त झाला काय?" म्हणून कित्येकांना त्यांनी परत धाडलं. पण लहानग्याची दाढ दोन दातांच्या मधून किडलेली असली, की बाई स्टीलची टोपी काढत. दाढेवर घट्ट बसणारी, दाढेबरोबरच पडणारी. त्यावरूनच टोपीवाल्या बाई हे नाव पडलं.

टोपी महाग, सिमेंट स्वस्त, यावर रोज वाद. बाई म्हणत, "सिमेंट स्वस्त हाय, मीबी म्हणतो. पण अशा जागी थे टिकत नाई. उखडलं का पुन्हा बस, पुन्हा मजुरी बुडाली, पुन्हा लेकरू रडलं. थे कोणाच्या हिशेबात?"

मी तेव्हा दुधाचे दात वाचवा म्हणून पत्रकं लिहून वाटत फिरत असे. एक पत्रक बाईंनी रोगी चूळ भरेपर्यंत वाचून काढलं. "संताप लय हाय व पोरी. दात कुठी हाय याच्यात?" मी घरी जाऊन सगळं फाडून नव्यानं लिहिलं.

मग माझ्याच भाचीवर वेळ आली. माझी बहीण पांढुर्ण्यात दिलेली, तिची रुही पाच वर्षांची. दाढेत एका दवाखान्यात दोनदा सिमेंट भरलं, दोन्हीदा निघालं. पोर एकाच बाजूनं चावायची. भाऊजी म्हणाले, "काढूनच टाकू." मी भांडले आणि रुहीला, तिच्या वडिलांकडच्या आजीसकट, सौंसरच्या बसमध्ये घातलं.

बाईंनी एक्स-रे पाहिला. "कीड दाताच्या आतल्या नसीपर्यंत पोचली नाई. टोपी बसते!" टोपी म्हणताच आजी उठून उभी राहिली. "तोंडात धातू? मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवतेत, बाई! जित्या लेकराच्या तोंडात नाई ठेवू देणार मी!"

मी तावातावानं बोलायला उठले, तर बाईंनी मलाच खाली बसवलं. टोप्यांचा डबा उघडला आणि एक टोपी आजीच्या तळहातावर ठेवली. "माय, मेलेल्याले चावा लागत नाई. हे चावासाठी हाय. सैल नको, अन् ओढूनताणूनबी नको. तुम्हीच पाहा नं, कोणती बसते."

आजीनं टोपी उलटसुलट करून पाहिली. मग बाईंच्या शेजारी उभी राहून एकेक टोपी दाढेवर टेकवताना निरखू लागली. "ही मोठी होते... हे पाहा, हे! बांगडी भरल्यावानी पायजे." ना सुई, ना मशीन! बाईंनी आत चिकटवायचं सिमेंट घालून टोपी दाबली, कीड आतच कोंडून टाकली, वर कापूस ठेवला. आजीच ओरडली, "चाव व रुही, जोरानं चाव!" रुहीनं चावलं. टोपी बसली!

पुढे बाईंचा हात थरथरू लागला. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी दवाखाना बंद केला. "असा हात लेकराच्या तोंडात घालू नाई," एवढंच बोलून त्या भोपाळला लेकीकडे गेल्या. आता टोपी निघाली तर जायचं कुणाकडे, ही धास्ती मला कायम होती.

यंदा, रुहीच्या अकराव्या वर्षी, ती दाढ पडली. टोपीसकट! खालून नवा दात वर आला, तशी मी पांढुर्ण्याहून फोन लावला.

"बाई, नवा दात आला!"

"टोपी मधात कधी निघाली होती काय?"

"एकदाही नाही!"

"अन् नवा कसा हाय?"

"सरळ! आपल्या जागेवर!"

पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"पोरीले दे फोन." मी स्पीकर लावून दिला. "रुही, याच्या खालून आता दुसरा येत नाई, बाप्पा. हा जन्माचा. रात्री ब्रश करतं का नाई?"

रुही माझ्याकडे बघू लागली.

"काहून चूप? मले इथून दिसून राहिलं सारं."

रुहीनं फोन माझ्या हातात कोंबला आणि भर दुपारी ब्रश घेऊन मोरीकडे पळाली.