इंजिन थोरल्याला, चेसी धाकट्याला

काशप्पा माझा थोरला दीर. थोरल्या दिराचं नाव घेऊ नये, हे मला मादन हिप्परग्याला माहेरी शिकवलेलं आहे, आणि हुलसूरच्या मराठी शाळेत सव्वीस वर्षं मीही पोरींना अशाच रीती शिकवल्या. पण इथं मी काशप्पाच लिहिणार, तेही एकेरीत. कुणाला खुपलं तर खुशाल खुपू दे.

सांगायचं आहे ते मात्र यांच्याबद्दल. माझे यजमान बसवप्रभु विजेच्या खात्यात लाइनमन होते. बुटके, अबोल. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा चार वेळा घसा खाकरला आणि शेवटी नाव न घेताच मला घास भरवला. पण बंद पडलेली मोटारसायकल दिसली की यांना कंठ फुटतो. उदगीर, भालकी, पार हैदराबादहून लोक जुन्या राजदूत, बुलेट, येझदी टेम्पोत घालून आणतात आणि आमच्या अंगणात सोडतात. गंजलेलं धूड येतं आणि चार-सहा महिन्यांनी नवरीसारखं नटून जातं. कुणाला हँडल उंच हवं असतं, कुणाला सीट एकट्यापुरती. हे सगळं करून देतात, तोंड वाकडं करून. लिंगपूजेला बसण्याआधी हात रॉकेलने धुतात, मग कपड्याच्या साबणाने, तरी नखांतलं काळं जात नाही.

लोकांना वाटतं, ही हौस आहे. हौस कसली? हा राग आहे.

माझे सासरे चन्नबसप्पा, म्हणजे यांचे अप्पा, धान्याचे व्यापारी. त्यांच्याकडे येझदी होती, तांबड्या टाकीची, दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर. या गाडीला किक आणि गिअर एकाच दांडीत असतात. किक मारून झाली की तीच दांडी खाली पाडून गिअर टाकायचा. मामंजी दुबलगुंडीहून माल बघून परत आले की गावाबाहेरच्या ओढ्यापासून गाडीचा आवाज यायचा आणि दोघे भाऊ झटकन अभ्यासाला बसायचे, असं हे सांगतात.

मामंजी गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. गुरुपादय्या स्वामी आणि गावातले दोघे पंच म्हणून बसले. शेत झालं, दुकान झालं, घराच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं, तांब्याची भांडी तराजूत घालून निम्मी-निम्मी झाली. शेवटी गाडी उरली. दोघांनाही तीच पाहिजे. एकाने गाडी घ्या, दुसऱ्याने बैलजोडी घ्या, असं गुरुपादय्यांनी सांगून बघितलं. काशप्पा म्हणाला, "सगळं सम-सम झालंय तर हे बी सम-समच होऊ द्या." दुपारचे तीन वाजलेले. पंच उपाशी. त्या उपाशी पंचांनी न्याय दिला: एकाला इंजिन, एकाला चेसी म्हणजे बाकीचा सांगाडा. चिठ्ठ्या टाकल्या. इंजिन थोरल्याला गेलं, चेसी धाकट्याला. टाकी, चाकं आणि सायलेन्सर चेसीच्या वाट्याला. कुणालाही हसू आलं नाही. तिथंच काशप्पाने पाने घेऊन इंजिन उतरवलं, खांद्यावर पोतं टाकलं, त्यावर इंजिन घेतलं आणि आपल्या बाजूला निघून गेला.

ते त्याने नुसतं ठेवून दिलं असतं तरी हे गप बसले असते. पण त्याने इंजिन फळीवर बांधलं, कडबा कापायच्या मशिनला जोडलं, आणि ते मशिन मांडलं नेमकं आमच्या भिंतीला लागून. लाइटवर चालणारं मशिन बाजारात मिळत होतं. त्याला आम्हाला ऐकवायचं होतं. रोज सकाळी सात वाजता भिंतीपलीकडे उघड्या इंजिनाचा कडकडाट सुरू व्हायचा आणि यांच्या हातातला चहा तसाच निवायचा.

"वारा लागत न्हाई त्याला," हे म्हणायचे. "गाडी पळाली की वाऱ्यानं इंजिन थंड ऱ्हातं. ह्यो फळीवर बांधून भाजायलाय त्याला. अप्पांचं इंजिन रडायलंय, शैला."

मला इंजिनाचं रडणं कळत नव्हतं. मला त्या आवाजात काशप्पा ऐकू यायचा.

एकदा त्याने गुरुपादय्यांकडून निरोप धाडला: एक सायलेन्सर तरी द्या, घरात बोललेलं ऐकू येईना झालंय. हे विचारात पडले. मीच दारात गेले आणि म्हणाले, "वाटणीत आलंय ते आमचं. सम-सम त्येनंच मागितलं न्हवं?" गुरुपादय्या परत गेले. मला दोन दिवस जेवण गोड लागलं.

तेव्हापासून हे जुन्या गाड्यांच्या मागे लागले. लोकांच्या गाड्या उघडून-जोडून हात बसवला आणि मग आपली चेसी घासली, रंगवली. टाकीला पुन्हा तोच तांबडा रंग, नवी सीट, चाकांना नव्या तारा. पडवीत ती उभी केली, मधली जागा रिकामी ठेवून. "दुसरं इंजिन आणून देतो की," असं कितीतरी जण म्हणाले. यांनी ऐकून घेतलं नाही. यांचा हट्ट एकच: अप्पांचंच इंजिन बसवायचं, गाडी काशप्पाच्या दारात न्यायची आणि त्याला तो आवाज ऐकवायचा. "आवाज ऐकून त्येच्या पोटात खड्डा पडला पाहिजे," हे म्हणायचे. अकरा वर्षं मी त्या सांगाड्यावरची धूळ पुसली. नाइलाजाने नाही, अगदी मन लावून.

गेल्या वर्षी आषाढात भिंतीपलीकडचा कडकडाट एकाएकी थांबला. दोन आठवडे गेले. मग भालकीचा तानाजी मिस्त्री एक जड पोतं घेऊन आमच्या दारात आला.

"अण्णा, येझदीचं इंजिन हाय. पिस्टन जाम झालाय, माझ्याच्यानं होईना. गिऱ्हाइकाला म्हणालो, एक जाणता माणूस हाय, त्येच्याकडनं करून आणतो."

तो जाणता माणूस कोणत्या गावचा, ते तानाजीने गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर गिऱ्हाईक परस्पर तिकडे जातं. आणि गिऱ्हाईक कोण, ते यांनी विचारलं नाही. पोतं सोडलं आणि हे जमिनीवरच बसले. मामंजी घाटात पडले होते तेव्हाचं वेल्डिंग कव्हरवर तसंच होतं. तरी यांनी अंगठ्याने काजळी पुसली आणि इंजिनाचा नंबर मोठ्याने वाचला.

तानाजी गेल्यावर मी म्हणाले, "परत द्यायचं न्हाई. भंगारातलं दुसरं घाला पोत्यात."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने आत गेले. गिऱ्हाइकाची वस्तू बदलायची नाही, गिऱ्हाइकाचा भाग दुसऱ्या गाडीला लावून बघायचासुद्धा नाही, हा यांचा नियम. उदगीरला जाऊन सिलिंडर बोअर करून आणला, मोठ्या मापाचा पिस्टन घातला, रिंगा आणि बेअरिंग नवी टाकली. दीड महिन्याने काम पुरं झालं आणि त्या दिवशी यांनी आपला नियम मोडला.

"एकच दिवस," हे म्हणाले. "उद्या काढून देतो."

इंजिन चेसीत बसवताना एकाही बोल्टवर हातोडी मारावी लागली नाही. दोन्ही सायलेन्सर लागले. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, आणि लग्न होऊन आल्यापासून मी ओळखत होते तो आवाज अंगणात आला. हे हसले नाहीत. "बस मागं," एवढंच म्हणाले.

सकाळचे नऊ वाजले होते. गावातून एक चक्कर मारून आम्ही काशप्पाच्या दाराशी आलो. तो कट्ट्यावर रस्त्याकडे पाठ करून सुपात तूर निवडत बसला होता. यांनी गाडी त्याच्या पाठीमागे चार हातांवर उभी केली आणि ॲक्सिलेटर पिळला. गल्लीतली दारं उघडली. काशप्पा तूर निवडत राहिला. यांनी पुन्हा पिळला, धुराने गल्ली निळी झाली. माणूस किती कोडगा असावा! मी गाडीवरून उतरले, तोंडाला येईल ते बोलायच्या तयारीने.

तेवढ्यात त्याची बायको शांतम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"कुणाला ऐकवायलाव, शैलश्री? तीन वर्सं झाली, त्येस्नी काय बी ऐकू येत न्हाई. त्या उघड्या इंजिनापाशी उभं ऱ्हाऊन कान गेले. बिदरला दाखवलं, कानाला मशिन लावलं, काय उपयोग न्हाई. इंजिनाचा आवाज बिघडलेला बी कळला न्हाई त्येस्नी, म्हणून तर जाम झालं."

आम्हाला हे गावात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यासमोर काशप्पाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. मला आधी आला तो रागच. अकरा वर्षं जपून ठेवलेला सूड, आणि हा माणूस आधीच निसटला! सायलेन्सरचा निरोप आठवला तो नंतर, आणि आठवल्यावर मी शांतम्माकडे बघायचं टाळलं.

यांनी गाडी बंद केली. शांतम्माने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. काशप्पा वळला. गाडी दिसली तसा सूप ठेवून उठला, टाकीवरून हात फिरवला, वाकून ते वेल्डिंग बघितलं. मग यांच्याकडे बघून, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ दे. काढू नको आता. तिथंच ऱ्हाऊ दे इंजिन."

त्याने पुन्हा टाकीवर हात ठेवला.

"आवाज कसा हाय रं, बसू? अप्पांच्या टायमाला होता तसाच हाय का?"

आवाज तसाच होता. समोरच्या घरातली म्हातारी तर तो ऐकूनच दारात आली होती. मी यांच्याकडे बघत राहिले. यांनी भावाच्या डोळ्यांत बघितलं आणि नकाराची मान हलवली, त्याला नीट कळेल अशी सावकाश.

काशप्पाचा चेहरा उतरला. "मीच खराब केलो," तो म्हणाला, आणि सूप उचलून आत गेला.

घरी आल्यावर मी विचारलं, "कामून असं सांगितलाव?"

"दुसरं काय उरलं होतं माझ्याकडं?"

मला बरं वाटलं. मुलांना आयुष्यभर खोटं बोलू नका म्हणून सांगत आले, तेव्हा इथंही खरंच लिहिते. अगदी काळजात गार वाटलं.

गाडी आता आमचीच आहे. हे रोज सकाळी ती दारात काढून चालू करतात आणि काशप्पा त्याच्या दारात येऊन उभा राहतो. धूर बघतो, थरथरणारी टाकी बघतो, आणि मग आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघतो, आवाज आज तरी सुधारला असेल म्हणून. त्याला खरं सांगायला बोलावंसुद्धा लागत नाही, होकाराची मान हलवली की झालं. सात महिने झाले. यांनी हलवलेली नाही, आणि मीही हलवलेली नाही.