हेल्गाचं परमिट आणि आईचं गरवं भात

हेल्गा गेली, आणि तिकडे तिचे सगळे कागद एका दिवसात झाले.

तिच्या भाच्याचा मेसेज आला सकाळी. वाचून पहिला विचार हाच आला की बाई, आमच्याकडे जिवंतपणी तुला एक कागद धड मिळाला नव्हता.

रडू नंतर आलं.

तुमच्यातले बरेच जण तिला ओळखत नाहीत. सत्तरच्या दशकात ती जर्मनीहून आमच्या गावात आली, खालापूर तालुक्यात, भाताच्या जुन्या जातींचा अभ्यास करायला.
मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक झालेली. त्यातल्या त्यात इंग्लिश येणारी, म्हणून तिच्यामागे माझी वरात.

खोली हवी? परमिट दाखवा.
परमिट हवं? राहता पत्ता दाखवा.
रॉकेल हवं? रेशनकार्ड आणा. आता जर्मन बाईला रेशनकार्ड कोण देणार!

चपला झिजल्या आमच्या. शेवटी आईच वैतागली आणि तिला आमची पडवी दिली. शेतातली एक पट्टीही दिली.

त्या पट्टीत हेल्गाने निरनिराळी बियाणी लावली. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येतं, गरवं दिवाळीनंतर. तिचा सगळा अभ्यास त्या गरव्यावर होता.
आणि परमिट संपत होतं दिवाळीला.

मुदतवाढ अलिबागला मिळणार होती. सोबत रहिवासी दाखला लागायचा. माझे चुलते, तात्या, तेव्हा सरपंच. त्यांनी मोठ्या मायेने लिहून दिला, गावात सगळ्यांना देत तसाच. 'सदर बाई जन्मापासून या गावच्या कायम रहिवासी असून आमच्या चांगल्या परिचयाच्या आहेत.'
खाली सही, शिक्का. आम्ही कुणी वाचलाही नाही. दाखल्यात वाचायचं काय असतं?

अलिबागच्या साहेबांनी वाचला.
मग हेल्गाच्या पिवळ्या केसांकडे बघितलं.
मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. खोटा दाखला म्हणून प्रकरण वर गेलं तर हिला लगेच देश सोडावा लागेल, म्हणाले. त्यांचं काय चुकलं?

मग तात्यांना घेऊन पुन्हा अलिबाग. पेणला एसटी बदला, उभ्याने जा. या खेपेला आईही आली.
आमच्याकडं दाखला असाच लिहितात, असं तात्यांनी कबूल केलं. साहेब नरमले. थोडी मुदत देतो म्हणाले, पण ही बाई ठरल्या दिवशी जाईल याची हमी गावातल्या कुणीतरी घ्यायची. नाही गेली, तर जाब त्या माणसाला विचारणार.
तात्या खोकत बसले.
आई पुढे झाली आणि अंगठा उठवला.

त्या वर्षी गरवं पिकायलाच तयार नाही. मुदत संपली तरी लोंब्या हिरव्या.
पुन्हा अलिबाग गाठायचं त्राण ना तिच्यात उरलं होतं, ना माझ्यात. तिने सामान बांधलं. आई मात्र तिच्या वाटेत उभी.

"ऱ्हा गं. कापणी झाली का जा. मला काय फाशी देनार हायेत? मी बगून घेईन."

हेल्गा मराठी आमच्याच घरात शिकली होती.
"नाय आई. अंगठा तुमचा हाय."

आणि गेली. वर्षभराची मेहनत शेतात उभी होती. कर्जतला गाडीत चढेपर्यंत तिने एकदाही मागे बघितलं नाही. मला तिचा रागच आला होता, खरं सांगते. इतकं कशाला सरळ वागायचं माणसाने?

भात पिकल्यावर आईने एकेक जात वेगळी कापली, वेगळी झोडली, वेगळ्या पुरचुंड्या बांधल्या. मी त्या पोस्टात नेल्या. परदेशात बियाणं पाठवायला वेगळी परवानगी लागते, म्हणाले.
ती कुठे मिळते, हे मी विचारलंसुद्धा नाही. तशीच घरी आले.

पुरचुंड्या बरेच दिवस पडून होत्या. त्यांना पोरकिडे लागायला लागले, तेव्हा आईने सगळं एकत्र करून कांडलं आणि आम्ही तो भात खाल्ला.

मी हेल्गाला कळवलं. वाटलं, आता ही जन्मात बोलायची नाही.
तिचं उत्तर आलं. अभ्यासाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. एवढंच विचारलं होतं, चव कशी होती?

गोड होता गं.
आईने तुझंही ताट वाढलं होतं.

नीट जा, हेल्गा.