मॅनहोलसमोरच्या वहाणा

आधी तात्यांचं नाव घेतो. तात्या म्हणजे माझे चुलते, पलटणीतून निवृत्त, पाटणजवळ राहणारे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला त्यांनी चढवलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही – तेव्हाही नव्हता. तरी हे लिहितो आहे.

पंच्याहत्तर-शहात्तरचा सुमार. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात मी नवा इंजिनिअर होतो. चिपाडाचा भुसा कमी पडला की बॉयलरला तेल जाळावं लागे, आणि तेल तेव्हा भलतंच महागलं होतं. म्हणून जुन्या बॉयलरच्या धूरमार्गात आम्ही नव्या नळ्या बसवल्या. धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी आधीच तापायचं, म्हणजे जळण वाचायचं.

आमच्याकडे एक रीत होती. आत शिरायचं ते वाटोळं, झाकणाचं भोक – मॅनहोल – त्याच्यासमोर आत जाणाऱ्यानं वहाणा काढून ठेवायच्या. वहाणा दिसल्या की झाकण लावायचं नाही.

बॉयलर पहिल्यांदा पेटवण्याआधी पूजा होती. पूजेमुळे सगळ्यांच्या वहाणा बॉयलर हाऊसच्या दाराशी, माझ्याही तिथंच. आरती चालू असताना मला शंका आली, की नळ्यांमागे चिंध्यांचा बोळा राहिलाय… आणि मी तसाच अनवाणी आत शिरलो. कुणाला सांगितलं नाही. आत हलगीच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. हलगी थांबली, आणि झाकण सरकल्याचा आवाज आला.

"आत कोन हाय? आवाज द्या!"

"मिस्त्री, मी! थांबा!"

बाहेर आलो तर झाकण लावायला आलेले आमचे बॉयलरचे इलाही मिस्त्री घामानं निथळत होते. "आवं सायेब, सांगून तरी जायाचं! वहाणा दिसल्या म्हणून बरं, न्हाईतर आवळलंच हुतं. मग खाली जाळ पेटवला असता!" मग धीर आल्यावर हसले. "पन सायेब झालात नि अजून असल्या वहाणा? टायरचा तळ, अंगठ्याला बुटाची नाडी… पगार पुरत न्हाई व्हय?"

"व्हय, मीबी बघितल्या," फायरमन म्हणाला.

मी खाली पाहिलं. मॅनहोलसमोर काहीच नव्हतं. माझ्या कोऱ्या चामडी वहाणा दाराशी होत्या. सगळ्यांना विचारलं, तसल्या वहाणा कुणाच्याच नव्हत्या.

वहाणेचा तुटका अंगठा पलटणीच्या बुटाच्या नाडीनं बांधणारा एकच माणूस मला माहीत होता.

त्याच आठवड्यात चुलतभाऊ निरोप घेऊन आला. तात्या बांधावरून घसरले होते आणि पूजेच्या दिवशी साताऱ्याच्या दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये घालून पडून होते. वहाणा? "घरी खाटंखाली हायती की. का रं?"

का ते मला आजही सांगता येत नाही. त्या रात्री हे लिहिलं:

ती. तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.
पाय कसा आहे? रविवारी साताऱ्याला येतो. बॉयलर चालू झाला, भुसा शिल्लक राहू लागलाय. त्या दिवशी मी आत अडकणार होतो, आईला सांगू नका. तुम्ही मला बाहेर काढलंत. कसं ते तुम्हाला ठाऊक नसलं तर नसू द्या. समोर आभार मानले तर तुम्ही ओरडाल, म्हणून इथंच लिहितो. तात्या, मी जिवंत आहे.
आपला,
बाळू