आगातिनाने डोकं बुडवलं तो रविवार

आगातिनाला पोहता येत नाही असं म्हणायची गावात कुणाची प्राज्ञा नव्हती. पाच वर्षांची असल्यापासून ती त्या खाडीत उतरत होती आणि आता तिला सदुसष्टावं लागलं होतं. ज्वालामुखीच्या काळ्या कातळातलं एवढंसं पाणी, पण तळाचा खडा न् खडा दिसावा असं नितळ. त्यात ती तासन्‌तास पोहायची, फक्त मान वर काढून. शनिवारी केस सेट करून घ्यायचे आणि रविवारी ते समुद्रात भिजवायचे, असला वेडेपणा तिच्या आईने केला नव्हता, आजीनेही नाही. ती आणि शेजारची नेद्दा, दोघी हनुवट्या वर करून खाडीभर गोल गोल फिरायच्या. तेवढ्यात गावातली निम्मी लग्नं जुळायची आणि उरलेली मोडायची.

नवरा अल्फियो नेमका उलट. जन्मभर पोस्टमनकी केलेला माणूस. डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावली की दोन तास त्याची नुसती पाठ तरंगताना दिसायची. बाहेर आला की बोलत सुटायचा. मोठ्या खडकाखाली कपार आहे, कपारीत हेकरू आहे, असा दांडगा मासा, ओठाशी पांढरा डाग. बारा वर्षं तो त्याला ओळखत होता आणि तिकडे मानाच्या माणसाला ‘दोन’ म्हणतात, तसं ‘दोन तानो’ म्हणून हाक मारत होता. त्याच्याआधी दुसरं काहीबाही असायचंच. "एकदा बघायला ये ना," असं तो चाळीस वर्षं म्हणत आला, आणि "बघू" असं ती चाळीस वर्षं म्हणत आली.

मार्चमध्ये अल्फियोच्या कानाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं, छातीपर्यंत पाण्यात जा, पण कानाला थेंब लागता कामा नये, आता कधीच. अल्फियो "बरं" म्हणाला आणि गप्प झाला. इतका गप्प, की घरात माणसाचा आवाज असावा म्हणून आगातिना रेडिओ लावायला लागली. त्यात गेल्या आठवड्यात कुणी परका मासे मारायची बंदूक घेऊन खाडीत उतरल्याचं कानावर आलं. तेव्हापासून अल्फियोच्या घशाखाली घास उतरेना. दोन तानो आहे की गेला, एवढंच त्याच्या डोक्यात.

नेद्दाचा नवरा तुरी बिचारा पाण्यात जाऊन बघून आला. "आहे की, मजेत आहे," म्हणाला.

"डाग कुठल्या बाजूला?" अल्फियोने विचारलं.

तुरी डोकं खाजवायला लागला. अल्फियोने नुसती मान हलवली आणि तोंड फिरवून बसला.

त्या रविवारी कातळावर सगळे जेवायला बसले. भट्टीत भाजलेली मॅकरोनी, तळलेली वांगी, समुद्रात गार करून ठेवलेलं कलिंगड. अल्फियोने ताट तसंच बाजूला सारलं. आगातिनाने ते पाहिलं, आपलं दुसरं ताट संपवलं, तोंड पुसलं आणि त्याच्या पिशवीतून मास्क काढला.

"मी बघून येते."

"आत्ता?" नेद्दाचा घास हातातच राहिला. जेवणानंतर तीन तास पाण्याला पाय लावायचा नाही, हे तिथलं दूधपितं पोरही जाणतं. "दोन वाजलेत, बाई. पाच वाजेपर्यंत थांब."

"साडेतीनला कड्याची सावली पडते. मग कपारीत काय दिसणार, माझं कपाळ?"

"मग उद्या सकाळी जा," अल्फियो म्हणाला.

"उद्या मला धीर व्हायचा नाही. आज आहे तोवर जाऊ दे."

"पोटात मॅकरोनी आणि वरून गार पाणी," नेद्दाने छातीवर क्रूस काढला. "माझा मावसभाऊ असाच गेला."

"तुझा मावसभाऊ दारू पिऊन होडीतून पडला, नेद्दे. अख्ख्या गावाला माहीत आहे."

यावर नेद्दाने कलिंगड कापायला घेतलं. आगातिना खोटं बोलत नाही, ही तिची जुनी खोड. नेद्दाच्या सुनेला तिच्या तोंडावर सांगितलं होतं तिने, केक भुशासारखा झालाय म्हणून. अल्फियोलाही ते ठाऊक होतं, म्हणूनच तो मुकाट्याने उठला आणि तिच्यामागे पाण्यात शिरला.

मोठा खडक छातीभर पाण्यापासून दोन हातांवर होता. अल्फियोने तिच्या कालच सेट केलेल्या केसांवरून मास्कचा पट्टा ओढून बसवला. नळी कशी धरायची ते दाखवलं. पहिल्यांदा तिने नाकाने श्वास घेतला, दुसऱ्यांदा घोटभर समुद्र प्याली आणि खोकता खोकता त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. तिसऱ्यांदा तोंड पाण्यात घातलं.

आणि ती वर येईना. केस विस्कटून पाण्यावर पसरले होते आणि नळीतून श्वास तेवढा ऐकू येत होता. अल्फियोने तिचा हात घट्ट धरला होता. कातळावर नेद्दा आता मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागली होती.

अखेर आगातिना उभी राहिली. मास्क वर केला, पण त्याच्याकडे न बघता पाण्याकडेच बघत राहिली. चाळीस वर्षांत अल्फियोने तिला असं पाहिलं नव्हतं.

"मारला ना त्याला?" त्याने विचारलं.

"आहे. डाग डावीकडे."

हसू की रडू असं झालं अल्फियोला. पण आगातिना हसत नव्हती.

"उन्हाचे कवडसे पार तळापर्यंत जातात," ती म्हणाली. "जांभळं गवत हलतं. निळ्या माशांचा एवढा थवा माझ्या नाकासमोरून गेला. हे रोज इथं होतं? मी त्या नेद्दाबरोबर लग्नं जुळवत होते, तेव्हा हे माझ्या पायाखाली होतं?"

"मी सांगत होतो की."

"सांगत होतास. ओढून का नेलं नाहीस?"

"तू ‘बघू’ म्हणायचीस."

"जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, आणि नेमकं हेच ऐकलंस?" आता तिला रडू आवरेना. "आपण दोघांनी मिळून बघायचं राहिलं की रे."

अल्फियोने तिच्या डोळ्यांवरचे केस मागे सारले आणि मास्क पुन्हा नीट बसवला. अजून तासाभराचं ऊन शिल्लक होतं.

"जा, बघ," तो म्हणाला. "मी हात धरून इथंच उभा आहे. वर आलीस की सांग. पण सावकाश. आणि काही गाळू नकोस."