त्यांचा रविवार, माझा सोमवार

त्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की जगातल्या कुणीही यावं, हातभार लावावा, इथे सगळ्यांना दार उघडं आहे. दार उघडं होतं हे खरं. कधी उघडं होतं, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

मी तेव्हा ओरत्तनाडुच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. राहायला तंजावरात, रोज बसनं येणंजाणं. बाजार उघडला, जग जवळ आलं असं पेपरात रोज छापून येई, आणि आमच्या कीळवासल भागातल्या एसटीडी बूथचं एका रात्रीत ब्राउझिंग सेंटर झालं होतं. तिथेच मला तो प्रकल्प सापडला. जगातल्या सगळ्या कालगणना दाखवणारा एक प्रोग्राम काही हौशी मंडळी मिळून लिहीत होती. पगार नाही, मालक नाही, कोड सगळ्यांसाठी खुला. हिजरी होतं, ज्यू होतं, चिनी होतं. आपलं पंचांग नव्हतं. मी म्हटलं, हे मी लिहितो.

दीड वर्ष लिहिलं. घरच्या जुन्या संगणकावर लिहायचं, फ्लॉपीत भरायचं, सेंटरवर नेऊन पाठवायचं. घरी फोन नव्हता. तिथी, नक्षत्र, सूर्योदयापासून धरलेला दिवस, आणि आमच्याकडे जो टळल्यावाचून कुणी दुकानाचं शटरसुद्धा उचलत नाही तो रोजचा दीड तासाचा अशुभ राहुकाळ, सगळं त्यात होतं. माझा स्वतःचा राहुकाळावर विश्वास नाही. पण गणित सुरेख आहे, म्हणून मन लावून केलं. आयुष्यात विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यापलीकडे मी केलेलं काही असेल तर ते हेच होतं.

प्रकल्पाचे निर्णय होत आठवड्याच्या बैठकीत. बैठक म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी इंटरनेटवर येऊन टाइप करत बोलायचं. वेळ कॅलिफोर्नियातल्या रविवारी संध्याकाळी सहाची. त्यांची सुट्टी, त्यांचा चहा, त्यांची आरामखुर्ची. आमच्याकडे सोमवारची सकाळ साडेसहा. नाव नोंदवताना आपली वेळ निवडायची होती, तर त्या यादीत अर्ध्या तासाचा फरक असलेलं गावच नव्हतं. शंभर कोटींचा देश त्यांच्या यादीत बसत नव्हता. ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तासांऐवजी मी पाच निवडले आणि दात ओठ खाल्ले.

सेंटरचे मालक आमच्यातलेच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेले मराठी. मी त्यांना अण्णा म्हणे, ते मला शाळेचा म्हणून सार, म्हणजे सर, म्हणत. सोमवारी सव्वासहाला शटर उघडायला ते कुरकुरत तयार झाले. उन्हाळा-पावसाळा निभावलं. बैठक साडेसातला संपायची, सोमवारचा राहुकाळ साडेसातलाच लागायचा, आणि अण्णा म्हणायचे, “पाहा सार, देवाला पण तुमचें काम पसंत आहे.”

मग ऑक्टोबरच्या शेवटी एका सोमवारी मी साडेसहाला जाऊन बसलो तर तिकडे चिटपाखरू नाही. अर्धा तास वाट पाहिली. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी एक खरमरीत पत्र पाठवलं, की बैठक रद्द करायची तर कळवायची रीत तुमच्याकडे नाही काय. मग बस पकडली. संध्याकाळी पाहतो तर बैठक झाली होती, माझं पत्र तिथे वाचलं गेलं होतं, आणि लोक पोट धरून हसले होते. हिवाळा आला की हे लोक घड्याळ एक तास मागे घेतात! सूर्य तोच, पृथ्वी तीच, आणि यांच्या सरकारनं सांगितलं म्हणून सहाचे पाच. जगाच्या कालगणना लिहायला बसलेल्या मला हे ठाऊक नव्हतं, ही माझी चूक. पण तंजावरच्या माणसाला ते सांगायला हवं, हे एकालाही सुचलं नव्हतं.

आता बैठक आमच्या साडेसातला, म्हणजे ऐन राहुकाळात. बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, “त्यांस सांगा ना, एक सोमवार तुम्ही मध्यरात्री उठा म्हणून. त्यांस काय झोप मोडली तर मरण येतें?”

मी सांगितलं होतं की. वेळ आळीपाळीनं बदला असं सभ्य भाषेत लिहिलं होतं. त्यावर मतदान झालं. झालं कुठे, तर त्याच बैठकीत, त्याच वेळेला, तिथे हजर असलेल्यांचं. एक मी सोडून सगळ्यांना ती वेळ सोयीची वाटली. न वाटून जातात कुठे!

त्यातच पुढच्या सोमवारचे विषय आले. तिसरा विषय होता, भारतीय पंचांग पहिल्या आवृत्तीत ठेवायचं की काढायचं. सांभाळणारा माणूस गेल्या बैठकीत दिसला नाही, असं कारण. मी लगेच कळवलं की मी आहे, मी सांभाळतो. उत्तर आलं, छान, मग बैठकीत येऊन सांगा, निर्णय तिथेच होतात. दीड वर्षाचं काम एका वाक्यावर आलं होतं, आणि ते वाक्य मला सोमवारी साडेसात ते साडेआठच्या मध्ये म्हणायचं होतं.

अण्णा ऐकेनात. “राहुकाळात शटर उचलायचें? होणार नाही सार. तुम्ही शिकलेले, तुम्हास चालेल.”

मी डोकं चालवलं. म्हटलं, अण्णा, राहुकाळात नवं काम सुरू करायचं नसतं. आधी सुरू झालेलं चालू राहिलं तर दोष नाही. सातला शटर उघडा, सव्वासातला इंटरनेटची लाइन लावू, मग पुढे नुसतं चालूच तर ठेवायचं आहे. अण्णांनी थोडा विचार केला. “सरी,” मान डोलावून म्हणाले, “तें बरोबर आहे.” मी स्वतःवरच खूष झालो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सोमवारी सव्वासातला लाइन लागली. साडेसातला माणसं जमली. नऊ जण होते. पहिला विषय रंगांचा. बटण निळं की राखाडी यावर पंधरा मिनिटं. मी माझं वाक्य टाइप करून तयार ठेवलं होतं. दुसरा विषय सुरू झाला आणि सात पन्नासला लाइन तुटली.

मी मोडेमकडे हात नेला. अण्णांनी माझं मनगट धरलं.

“नको सार.”

“अण्णा, दोन मिनिटांचं काम आहे!”

“परत लाइन लावणें म्हणजे नवें काम. तुम्हीच सांगितलां. चालू होतें तें चालू द्या म्हणालां, मी दिलों. आता तें गेलें.” त्यांनी भिंतीवरच्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. “साडेसात ते नऊ.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी आवाज चढवला. तुमचं कॅलेंडर ढोबळ आहे, खरा राहुकाळ सूर्योदयावरून काढतात, असं ओरडलो. “मग तुमच्या गणितानं किती वाजतां लागतो?” त्यांनी शांतपणे विचारलं. सात तेहेतीसला. माझा प्रोग्राम तेच सांगत होता. दुसरं सेंटर दहाला उघडायचं. त्या खुर्चीवर बसून मी अण्णांचा, राहूचा आणि कॅलिफोर्नियाचा मनापासून द्वेष केला, आणि त्यातल्या एकाचाही मी आजवर पुरता सोडलेला नाही. नऊ वाजून एक मिनिटानं अण्णांनी स्वतःच्या हातानं लाइन लावून दिली. बैठक संपून अर्धा तास झाला होता.

बैठकीची नोंद दुसऱ्या दिवशी ईमेलनं आली. मी ती मंगळवारी शाळेतून येताना, संध्याकाळी सहाला सेंटरवर वाचली. तिसऱ्या विषयाखाली माझं नाव तीनदा पुकारलेलं होतं. मग एकानं लिहिलं होतं, ‘तिकडे आत्ता मध्यरात्र असेल. झोपला असेल बिचारा. काढून टाकू या.’ बाकीच्यांनी हो म्हटलं होतं.

मी तेव्हा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, लख्ख उन्हात संगणकासमोर बसलो होतो. जगाची कॅलेंडरं लिहिणाऱ्या नऊ जणांपैकी एकालाही तंजावरात किती वाजले ते पाहावंसं वाटलं नव्हतं.

मी उत्तर लिहिलं, ‘मी जागा होतो. इथे सकाळ होती.’ आणि प्रकल्पाच्या यादीतून माझं नाव काढून घेतलं. ते उत्तर गेलं तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. पाठवण्याआधी मी पाहून घेतलं होतं.