मीटर रूमच्या दाराशी गवताचा ढीग

आधीच सांगते, भूतबाधा, करणी यातलं मी काही मानत नाही. अजूनही नाही. तरी लिहितेय, कारण झाल्या प्रकाराचा राग डोक्यातून जात नाही...

मुलुंड ईस्टला आमची तीन मजली जुनी सोसायटी. मागे छोटंसं लॉन. पेट्रोलच्या मशीनचा आवाज आणि धूर नको म्हणून मी हाताने ढकलायचं मशीन आणलं. मोटर नाही, वायर नाही. ढकललं की पाती फिरतात आणि गवत कापलं जातं. रविवारी सकाळी मीच कापायचे. कापलेलं गवत तिथेच पसरलेलं राहू द्यायचं, त्याचं खत होतं, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पण पावसाळा संपल्यापासून दर वेळी ते गवत थोड्या वेळात मीटर रूमच्या दाराशी गोळा झालेलं दिसायचं. नीट रचलेला ढीग! तिथे ते कुजायचं, वास सुटायचा, चिलटं व्हायची. सेक्रेटरी राणेकाकांनी थेट मंदाताईंना धरलं. आमच्याकडे कित्येक वर्षं झाडलोट करणाऱ्या मंदाताई. त्या सांगत राहिल्या, "मी गवताला हातसुद्धा लावला नाही." मीही त्यांच्या बाजूने बोलले. कोणी ऐकलं नाही. त्यांना काढून टाकलं.

पुढच्याच रविवारी ढीग पुन्हा हजर. माझी सटकली. नंतरच्या रविवारी राणेकाकांना खाली बोलावलं, म्हटलं, आता स्वतः उभे राहून बघा. लख्ख ऊन, पान हलत नव्हतं. लॉनवर आम्ही दोघंच. मी कापत कापत भिंतीपर्यंत गेले, मशीन वळवलं... आणि मागे कापलेल्या गवताची एक काडी नव्हती. काका मीटर रूमकडे बघत होते. दाराशी ढीग होता.

मी त्यात हात घातला. उन्हात नुकतं कापलेलं गवत, पण फ्रिजमधून काढल्यासारखं गार. काकांनीही हात लावला आणि लगेच पँटला पुसला.

"वारा असेल," ते म्हणाले.

"कुठला वारा, काका? मंदाताईंना परत बोलवा."

"आणि मीटिंगमध्ये काय सांगू? गवत आपलं आपण चालत गेलं?"

मग मीटिंगमध्ये मीच सांगितलं. लोक हसले. ठीक आहे, हसू देत. पण राणेकाका मोबाईलमध्ये बघत बसले! लॉन उखडून पेव्हर ब्लॉक बसवायचं मात्र एकमताने पास झालं.

नंतर मंदाताई स्टेशनजवळच्या बाजारात भेटल्या. मी सगळं सांगितलं. गवताबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही.

"साहेबांनी डोळ्यांनी बघितलं ना पण?"

"माझ्यासमोर उभे होते."

त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि गेल्या.

ते गवत कोणी नेलं, कसं नेलं... मला आजही सांगता येत नाही. ब्लॉक बसल्यापासून तिथे काही झालेलं नाही. राणेकाका मात्र मीटर रूमसमोरून जात नाहीत, पार्किंगमधून वळसा घालून जातात. आणि मंदाताईंना अजून कोणी बोलावलेलं नाही.