साडूंचं दुसरं वावर

आर्णी तालुक्यात एका दिवसात दोनदा शेती करणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. सकाळी हे गृहस्थ खऱ्या वावरातली कपाशी पाहतात आणि दुपारी जेवून, हात पुसून कॉम्प्युटरसमोर बसले की तिथल्या वावरात ट्रॅक्टर चालवतात. त्यातही साधा गेम खेळतील तर ते साडू कसले. गेममध्ये बाहेरून घालायची हौसेची सामग्री, जिला पोरं मॉड म्हणतात, ती यांनी इतकी भरली आहे की मूळचं परदेशी शेत ओळखू येत नाही. काळी माती आली, तूर आली, पांढरे बैल आले, बांधावर नुसता बसून राहणारा एक म्हातारासुद्धा आला. "हा काय काम करते?" मी एकदा विचारलं. "कामाचं काय, वावर म्हटलं का एक असा लागतेच," ते म्हणाले. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, "घरच्या वावरात तण गुडघ्याइतकं झालं, अन् हे तिकडं फवारून राह्यले."

या खुळामागं त्यांची एकुलती लेक आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात नोकरीला लागल्यापासून दर रविवारी ती तिकडून ऑनलाइन याच शेतात उतरायची. बाप नांगरायचा, लेक पेरायची आणि सोबत फोनवर गप्पा. समोरासमोर दोन वाक्यांपलीकडे न जाणारे हे बापलेक ट्रॅक्टरवर बसले की तासभर बोलत. यंदा ती जर्मनीला गेली. "रविवार मोडायचा नाही बाबा," एवढंच ती जाताना म्हणाली, आणि साडूंनी ते व्रतासारखं धरलं. अडचण एकच होती. मॉड वाढत गेले तसा, ती पुण्यात होती तेव्हाच शेवटी शेवटी, आठ जीबी रॅमवर लेक आत आली की गेम जागीच गोठू लागला होता.

माझा कॉम्प्युटर क्लास असल्यामुळं सल्ला माझ्याकडं. मी स्पष्ट सांगितलं, एवढ्या मॉडना बत्तीस जीबी लागेल. रॅमच्या सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या घ्या, एकाच कंपनीच्या, जोडीनं मिळतात तशा. ऐकतील तर शप्पथ. एक पट्टी यवतमाळहून आणली, दुसरी भलत्याच कंपनीची, नागपूरहून. वर मलाच शिकवलं, "भाऊ, अख्खं वावर एकाच वाणाचं पेरलं काय आपण कधी? एक दगा देते, त दुसरं तारते. म्हणून त कपाशीच्या ओळींमधी तुरीचं एक तास घालतो." मी चहा पिऊन घरी आलो.

जर्मनीहून लेक पहिल्यांदा गेममध्ये येणार त्या रविवारी साडू इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, शेजारी मी. लेक शेतात उतरली आणि पडदा निळा होऊन कॉम्प्युटरच बंद पडला. तीनदा तेच. "राहू द्या ना बाबा, पुढच्या रविवारी पाहू," फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता. साडूंनी माझ्याकडं पाहिलं, आणि खरं सांगतो, मला त्यांच्याकडं बघवेना. मी पट्ट्या आलटून पालटून लावल्या. एकेकटी नीट चालायची, दोघींचं काही पटेना. शेवटी एक काढून ठेवली. उरले सोळा जीबी, आणि त्यात हा सगळा संसार मावणार नव्हता.

"काहीतरी काढावं लागन," मी म्हटलं. मला वाटलं, आता तासभर वाद. पण साडू लगेच माउसकडं वळले. त्यांनी बैल काढले, तूर काढली, तो म्हातारा काढला. शेवटी विहिरीजवळचा निंब राहिला. लेकीच्या आवडीचा म्हणून खऱ्या वावरातल्या कडुनिंबाचा फोटो पाहून पाहून त्यांनी तो महिनाभर खपून बसवला होता. तोही काढला.

गेम चालू झाला. उघड्या रानात दोन ट्रॅक्टर, बाकी काही नाही.

"बाबा, आपला निंब काहून दिसत नाही?"

"काढला. तुले यायले जागा नव्हती," साडू म्हणाले. "तू सांग, जेवली काय?"

मग लेक तिकडच्या थंडीचं, वरणात मीठ जास्त झाल्याचं सांगू लागली, आणि साडू रिकाम्या वावरात नांगराचं सरळ तास ओढत ऐकत राहिले.